फोमचा ग्लायडर नाक वर करतो आणि धपकन पडतो, काय बदलू?

सातारी वारा:
नमस्कार मंडळी, ५ मिमी डेप्रॉन (पातळ फोम) शीटचा रिमोटवर चालणारा ग्लायडर बनवलाय. पंख १ मीटर, रुंदी सगळीकडे १६ सेंमी, मोटर नाही, फक्त रडर (शेपटीची डावी-उजवीकडे वळणारी उभी पट्टी) आणि एलिव्हेटर (शेपटीची वर-खाली होणारी आडवी पट्टी). ९ ग्रॅमचे दोन सर्व्हो (या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी), रिमोटचा सिग्नल घेणारा रिसीव्हर आणि चार एएए चार्जेबल सेल धरून वजन २४० ग्रॅम भरतं. हाताने सोडला की नाक वर करतो, हवेत थांबल्यासारखा होतो आणि धपकन खाली. एलिव्हेटर जरा खाली ट्रिम केला (म्हणजे स्टिक मधे असतानाही जरा खाली राहील असा ठेवला) तर सरळ डाइव्हच मारतो, मधलं काही नाहीच. रडर पूर्ण दिला तरी शेपटी नुसती हलते, वळत नाही. पंख एकदम सपाट आहेत आणि सेल पंखाखालीच बसवलेत. रविवारी यवतेश्वरला कड्यावरून सोडायचा विचार आहे, त्याआधी काय करू?

डेप्रॉनवाला:
वजन मस्त ठेवलंय, एका चौरस डेसिमीटरला १५ ग्रॅम म्हणजे हळू उडेल, शिकायला हेच पाहिजे. शेपटी जड झालीय बस. पंखाच्या पुढच्या कडेपासून ५ सेंमीवर दोन्ही बाजूंना खालून खूण करा, तिथे दोन बोटांवर उचला, नाक किंचित खाली झुकलं पाहिजे. तुमचा आत्ता ७-८ सेंमीवर तोलत असणार. नाकात शिसं कोंबू नका, चार सेल म्हणजेच जवळपास ५० ग्रॅम, तेच सरकवत नाकाकडे न्या. एलिव्हेटर आधी सपाट करा आणि मग गवतावर, वाऱ्याच्या तोंडावर, खांद्याच्या उंचीवरून सरळ सोडा. वर फेकायचा नाही, समोर ढकलायचा. ट्रिमने बॅलन्स सुधारत नाही हो, बॅलन्स बसला की मग ट्रिम.

वळत नाही त्याचं कारण सपाट पंख. एलेरॉन (पंखांवरच्या हलत्या पट्ट्या) नसले की पंखांना व्ही आकार लागतो, रडरने नाक एका बाजूला गेलं की पुढे आलेला पंख जास्त उचलला जातो आणि तेव्हाच विमान कलतं. मधोमध कापा, दोन्ही टोकं साडेपाच-सहा सेंमी वर येतील असं जोडा. जोडावर पतंगाची बांबूची कामटी आडवी टाका, मधे ती व्हीच्या कोनात वाकवून घ्या.

घाटमाथा:
बॅलन्सचं सांगितलंच आहे, मी यवतेश्वरचं बोलतो. पश्चिमेचा वारा असेल तर साताऱ्याकडचा उतार वाऱ्याच्या पाठीला येतो, तिथे हवा खाली दाबते आणि गोल फिरते, कितीही चांगलं विमान असू दे, खाली आदळणार. वारा तोंडावर येईल असाच उतार निवडा. कड्याच्या टोकाला उभं राहून मूठभर सुकं गवत सोडा, ते वर येऊन डोक्यावरून मागे गेलं तर उडवा, खाली ओढलं गेलं तर घरी जा. उतरवतानाही कड्याच्या अगदी मागे नको, तिथे तोच घोळ असतो, चांगलं मागे मोकळ्यावर आणा. आणि कास पठारावर तर अजिबात नको, कितीही मोकळं दिसलं तरी, विमान शोधायला गेलो की फुलं आपल्याच पायाखाली जातात.

सातारी वारा:
आभार! सेल नाकात नेले, ५ सेंमीवर तोल आला आणि काय सांगू, मैदानात अगदी सरळ तरंगत गेला, हात न लावता टेकला!! आता पंख कापायचाय. जोडायला फेविक्विक चालेल का?

डेप्रॉनवाला:
नाही नाही, साधं फेविक्विक डेप्रॉन आणि थर्माकोल दोन्ही खातं, जोडाच्या जागी खड्डा पडेल. दोन ट्यूबवालं अ‍ॅराल्डाइट पातळ लावा, कामटीलाही तेच, वरून टेप. फेविकॉल दोन फोमच्या मधे दिवसेंदिवस ओलंच राहतं. जोडून झालं की तोल परत बघा. उडवताना आधी ट्रान्समीटर ऑन मग विमान, बंद करताना उलट, आणि दर वेळी स्टिक स्वतःकडे ओढून एलिव्हेटर वर जातो ना ते डोळ्यांनी बघा.

घाटमाथा:
जागा ठरवली की डिजिटल स्कायच्या (ड्रोनसाठीची सरकारी साइट) नकाशावर ग्रीन झोन (परवानगी न घेता उडवता येतं तो भाग) आहे ना बघून घ्या. कड्यावर घारी पंख न हलवता घिरट्या घालत असतील तर तिथेच हवा वर चढतेय, पण त्यांच्यात घुसू नका, घरटं जवळ असेल तर त्या विमानावर झडप घालतात.