फॅमिली ग्रुप: युक्रेनच्या बातम्या

मोठे काका: (फॉरवर्ड) ब्रेकिंग!! ६४ किलोमीटर लांब रशियन फौजेची रांग कीवच्या वेशीवर. राजधानी दोन दिवसांत पडणार!

ताई: काका, हा २०२२चा फोटो आहे. मॅक्सारच्या उपग्रहानं युद्धाच्या पहिल्या आठवड्यात टिपलेला.

मोठे काका: फोटो खरा आहे ना पण?

ताई: अगदी खरा. पण ती रांग कीवमध्ये शिरलीच नाही. इंधनाचा तुटवडा, बंद पडलेली वाहनं, रस्ता सोडला की चिखल, वर युक्रेनचे छापे. मार्च संपता संपता रशियानं तिथून माघार घ्यायला सुरुवात केली.

मावशी: आणि मी सकाळी टाकलेला विमान पाडल्याचा व्हिडिओ?

दादा: मावशी, तो आर्मा ३ नावाचा गेम आहे 🙏 अशा क्लिप इतक्या फिरल्या की शेवटी गेम बनवणाऱ्या कंपनीलाच खुलासा करावा लागला.

मावशी: अगंबाई. डिलीट करते.

आबा: मी रोज नकाशा बघतो. आज इकडचं गाव गेलं, उद्या तिकडचं आलं. त्यावरून पुढचा वार कुठे होणार ते कळतं का?

दादा: आबा, तिथेच गोम आहे. २०२२च्या ऑगस्टअखेर युक्रेननं खेरसनवर चढाई सुरू झाल्याचं जाहीर केलं. महिनोन्महिने चर्चा खेरसनचीच होती. रशियानं चांगल्या तुकड्या आधीच तिकडे हलवल्या होत्या. आणि सप्टेंबरमध्ये मोठा घाव बसला तो खारकीवच्या बाजूला! बालाक्लिया, कुपियान्स्क, इझ्यूम, सगळं काही दिवसांत. २०२४च्या ऑगस्टमध्ये कुर्स्कलाही तेच. युक्रेनच्या फौजा सरहद्द ओलांडून रशियात शिरल्या तरी सुरुवातीला कीवमधून अवाक्षर नाही.

आबा: म्हणजे गाजावाजा एकीकडे, घाव दुसरीकडे.

दादा: नेहमीच नाही हां. खेरसनही नोव्हेंबरमध्ये परत घेतलंच की. पण ज्या आघाडीवरून अचानक फोटो-व्हिडिओ येईनासे होतात, तिकडे मी जरा जास्त लक्ष ठेवतो.

वहिनी: तिथले लोक टाकत असतील की मोबाइलवर काढून.

ताई: परवानगीशिवाय सैन्याच्या हालचाली टाकणं तिथे गुन्हा आहे वहिनी, मार्च २०२२ पासून. हल्ला कुठे झाला त्याचा फोटोही लगेच टाकू देत नाहीत, नाहीतर नेम लागला की हुकला हे समोरच्याला आयतंच कळतं. म्हणून आपल्यापर्यंत पोचतं ते बहुतेक शिळं असतं. आबा, नकाशावर ‘ताबा’ आणि ‘ताब्याचा दावा’ यांना वेगवेगळे रंग असतात, ती सूची आधी वाचायची. न्यूज चॅनेलवाले ती कापूनच दाखवतात 😡

मोठे काका: मग विश्वास कुणावर ठेवायचा? दोन्हीकडचे आपापलंच रेटणार.

दादा: दोघांच्या सांगण्यात जेवढं जुळतं तेवढं आधी धरायचं. रशियाची मॉस्क्वा युद्धनौका घ्या. युक्रेन म्हणालं, आम्ही नेपच्यून क्षेपणास्त्रं मारली. रशिया म्हणाला, आग लागून दारूगोळा फुटला आणि ओढून नेताना वादळात बुडाली. जहाज बुडालं, एवढं दोघांनाही मान्य.

आबा: १२१मध्ये अशी वादळं बरी मिळतात 😄

मोठे काका: १२१ काय आबा?

आबा: बोट घसरलं. आरमारात लिहायचं होतं.

वहिनी: काका, आता दुसऱ्या ग्रुपवर गेलेली ती रांग पण मागे घ्या.

मोठे काका: चार ग्रुपवर गेलीय. दोनच ठिकाणी ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ दाखवतंय.