मदत हवी आहे: प्रोपेन ॲनोडवर तुटतोय की वाटेतच?

सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेलवर (उच्च तापमानाला इंधनापासून थेट वीज बनवणारा सेल) पीएचडीचं काम करतो आहे. ॲनोड, म्हणजे इंधनाकडचा इलेक्ट्रोड, निकेल-वायएसझेडचा (निकेल आणि यिट्रिया मिसळलेलं झिर्कोनिया सिरॅमिक), तापमान ७५० अंश से., इंधन प्रोपेन अधिक वाफ. वाफ आणि कार्बनचं गुणोत्तर २ आहे. समतोलाचं गणित मांडलं तर इथे घन कार्बन तयारच व्हायला नको. तरी भट्टीबाहेरच्या नळीच्या थंड भागात तपकिरी, चिकट थर बसतो आणि करंट स्थिर ठेवला की व्होल्टेज हळूहळू उतरत जातं.

मिथेनवर असा सेल छान चालतो. मिथेनचा सी-एच बंध तोडायला सुमारे ४३९ किलोज्यूल प्रतिमोल लागतात, प्रोपेनचा सी-सी बंध ३७०च्या आसपास सुटतो. एकदा मुक्त मूलक (बंध तुटून उरलेले अतिक्रियाशील तुकडे) निघाले की साखळी सुरू: इथिलीन, प्रोपिलीन, मग बेंझीनसारखी वलयं, शेवटी डांबर. नाफ्था क्रॅकरच्या (खनिज तेलातला नाफ्था तोडून इथिलीन बनवणाऱ्या कारखान्याच्या) भट्टीत ८००-८५० अंशांना हे सेकंदाच्या आत घडतं. माझ्या नळीत तर वायू त्याहून बराच जास्त वेळ रेंगाळतो.

म्हणून मला नळीचाच संशय येतो. सरांचं म्हणणं, कार्बन निकेलमध्ये विरघळून तंतूंच्या रूपात बाहेर पडत असणार. दोन्ही गोष्टी एकाच वेळी होत असतील तर त्या वेगळ्या कशा करायच्या? हातात चांगले सेल मोजकेच उरलेत, त्यामुळे उगाच एखादा खर्ची घालायचा नाहीये. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

सेल काढून ठेवा. तीच नळी, तोच प्रवाह, तेच तापमान ठेवून प्रोपेन-वाफ सोडा आणि बाहेर पडणारा वायू जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफ, वायूतले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) बघा. इथिलीन, प्रोपिलीन भरपूर दिसले तर तुमचा संशय खरा. पण नळी क्वार्ट्झ किंवा ॲल्युमिनाची हवी. स्टीलमधलं लोखंड आणि निकेल स्वतःच कार्बन पिकवतात.

तसं निघालं तर वाफ वाढवत बसू नका, व्होल्टेज आणखी पडेल. आत जाणारी नळी बारीक घ्या म्हणजे वायू गरम भागात कमी वेळ राहील. खरा उपाय मात्र प्री-रिफॉर्मर, म्हणजे सेलच्या आधी बसवलेली छोटी अभिक्रिया-नळी: ५०० अंशांच्या आसपास निकेल उत्प्रेरकावरून नेलं की प्रोपेनचं मिथेन, हायड्रोजन आणि कार्बनची ऑक्साइडं होतात, आणि मिथेन तुमचा सेल पचवतोच.

आणि प्रोपेन कुठला वापरता? एलपीजी सिलिंडरमधला असेल तर वासासाठी घातलेल्या मर्कॅप्टनमधलं गंधक निकेलला थेट बाधतं. तेव्हा व्होल्टेज उतरण्याचं कारण कार्बन नसूही शकेल.