मदत हवी आहे : 'केव्ह' आणि 'कॅव्हर्न' यांतला नेमका फरक

अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांविषयीच्या एका मजकुराचा मराठी अनुवाद करत आहे. त्यात केंटकीमधील मॅमथ केव्ह आणि न्यू मेक्सिकोमधील कार्ल्सबाड कॅव्हर्न्स एकाच परिच्छेदात आल्यामुळे काम अडले आहे, कारण दोन्ही शब्दांना 'गुहा' म्हटले तर लेखकाने राखलेला भेद पुसला जातो.

माझ्या समजुतीप्रमाणे 'केव्ह' हा व्यापक शब्द आहे. डोंगरातली वन्य प्राण्याची गुहा असो वा लाटांनी कड्यात कोरलेली पोकळी, दोन्हींना तो चालतो. 'कॅव्हर्न' म्हटले की मात्र जमिनीखालची प्रशस्त, काळोखी जागा डोळ्यांसमोर येते आणि बहुधा चुनखडी विरघळून झालेली, लवणस्तंभांनी भरलेली गुहा अभिप्रेत असते. पण केवळ आकारावरून निवाडा करता येत नाही. मॅमथ केव्ह ही जगातील सर्वांत लांब ज्ञात गुहा असून तिच्या मोजणी झालेल्या मार्गांची लांबी ६८० किलोमीटरहून अधिक आहे, तरी नावात 'केव्ह'च आहे. तेव्हा विशेषनामे तशीच ठेवावीत, हे मला पटते. प्रश्न सामान्यनामांचा आहे.

'कॅव्हर्न' नैसर्गिकच असते, असेही म्हणवत नाही. विशाखापट्टणम, मंगळूरु आणि पादूर येथे कच्च्या तेलाच्या राखीव साठ्यासाठी खडकात खोदलेल्या भूमिगत पोकळ्यांना अभियंते 'कॅव्हर्न'च म्हणतात. उलट अजिंठ्याची मानवनिर्मित लेणी इंग्रजीत 'केव्ह्ज' म्हणून ओळखली जातात, 'कॅव्हर्न्स' म्हणून नव्हे. यावरून 'कॅव्हर्न'मध्ये आतल्या ऐसपैस दालनाला महत्त्व असावे, असे मला वाटते.

म्हणून 'गुहादालन' हा शब्द मनात आला. परंतु कार्ल्सबाडच्या आतच 'बिग रूम' नावाचे अतिविशाल दालन असल्याने तिथे घोटाळा होतो. 'विवर' म्हणावे, तर वाचकाला उल्केच्या आघाताने पडलेला खड्डा किंवा कृष्णविवर आठवते. 'भुयार' म्हटले की अरुंद वाट आली. 'महागुहा' त्यातल्या त्यात बरा वाटतो, पण तो तेलसाठ्याच्या पोकळीला शोभत नाही.

भूगर्भशास्त्र, गुहाभ्रमण किंवा भूमिगत बांधकाम या क्षेत्रांत काम करणाऱ्या सदस्यांनी कृपया सांगावे : वर मांडलेला भेद प्रत्यक्ष वापरात टिकतो का, आणि 'कॅव्हर्न'साठी आपण मराठीत बोलताना कोणता शब्द योजता? नैसर्गिक आणि खोदलेल्या जागांसाठी दोन वेगळे शब्द सुचवलेत, तरी चालेल.