विद्यापीठ आणि नदी एकाच दिवशी होईल का?

प्रश्न: लेकीला कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळालाय. गुरुवारी लातूरहून तिला सोडायला येतोय. नदी जवळच आहे का?

उत्तर: नाही काका, पंचगंगा शहराच्या दुसऱ्या टोकाला. विद्यापीठाजवळ आहे तो राजाराम तलाव. मी दोन वर्षं हॉस्टेलला होते. पहाटे मोरांच्या केकांनीच जाग यायची. आवारातलं वि. स. खांडेकर स्मृती संग्रहालय चुकवू नका. संध्याकाळी मात्र पंचगंगा घाटावर जाच. पाण्यातली दगडी देवळं पुराच्या दिवसांत बुडतात. पाणी उतरलं की पायऱ्यांवर बसा. घराची आठवण आली की मी तिथंच जायचे.

उत्तर: कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखली गावातला नद्यांचा संगमही दाखवा. लई शांत जागा.

प्रश्नकर्ता: आभार, ताई. घाट नक्की. लेक म्हणते, आधी मोर!