वारकरी कीर्तनासाठी माइक: टाळांच्या गजरात अभंगाचे शब्द हरवतात, काय घ्यावे?

सप्ताह_समिती

राम कृष्ण हरी. गावच्या अखंड हरिनाम सप्ताहासाठी यंदा माइक भाड्याने न आणता देवस्थानने स्वतःचे घ्यायचे ठरवले आहे. किमतीची चौकशी आम्ही करू, नेमके काय घ्यायचे ते जाणकारांनी सांगावे.

मांडणी अशी: पत्र्याचा मंडप, ४०० च्या आसपास श्रोते. कीर्तनकार मध्ये उभे, त्यांच्या मागे दीड मीटरवर दोन रांगांत २४ टाळकरी. दोन्ही टोकांना दोन-दोन गायनाचार्य, त्यांच्याही हातात टाळ. उजवीकडे मृदंग, डावीकडे पेटी, शिवाय विणेकरी. मिक्सर १२ चॅनेलचा आहे, एक्सएलआर (तीन पिनांचे) इनपुट आणि फँटम पॉवर (केबलमधून माइकला वीज देण्याची सोय) आहे.

निरूपण चालू असेपर्यंत सगळे व्यवस्थित असते. चाल धरली की टाळ इतके भरतात की शब्द कळत नाहीत. बुवांचा फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) वर नेला की शिट्टी. कोणी म्हणतात कंडेन्सर (वीज लागणारा, जास्त नाजूक ऐकणारा माइक) घ्या, कोणी म्हणतात सुपरकार्डिऑइड घ्या, म्हणजे मागचा आवाज येणार नाही. एकूण दहा माइक घ्यायचा विचार आहे.

ध्वनिसंयोजक

राम कृष्ण हरी माउली. दहा नकोत. आधी तुमच्या अडचणीचे मूळ बघू, मग यादी.

सुपरकार्डिऑइड "मागचा आवाज" कमी घेतो हे खरे, पण मागचा म्हणजे माइकच्या मागचा. तुमचे टाळकरी बुवांच्या मागे आहेत. माइकचे तोंड बुवांकडे, म्हणजे ते टाळकऱ्यांकडेही आहे. कितीही महागडा पॅटर्न घेतला तरी समोर उभे असलेले २४ टाळ तो गाळणार नाही. इथे फक्त अंतर कामाला येते.

हिशेब सोपा आहे. तोंड आणि माइक यांतले अंतर निम्मे केले की आवाज ६ डेसिबलने वाढतो. स्टँडवरचा माइक तोंडापासून २० सेंटीमीटरवर असतो. गालावरचा हेडसेट अडीच सेंटीमीटरवर. अंतर तीनदा निम्मे झाले, म्हणजे १८ डेसिबल. टाळ मात्र दीड मीटरवरच राहिले. गालावरचा माइक तोंडाच्या बरोबर समोर नसल्यामुळे प्रत्यक्षात फायदा थोडा कमी मिळतो, तरीही दुसऱ्या कुठल्याही उपायाने एवढा मिळणार नाही. गेन (मिक्सरवर माइकला दिलेली वाढ) तेवढा खाली येतो आणि शिट्टीही थांबते.

म्हणून बुवांसाठी: यूएचएफ वायरलेस बेल्टपॅक (कमरेला लावायचा ट्रान्समीटर) आणि गालावरचा हेडसेट, ओम्नी (सर्व दिशांनी सारखेच ऐकणाऱ्या) कॅप्सूलचा. ओम्नीत जवळ आल्याने खर्ज फुगत नाही, 'प', 'भ' चे फटके कमी बसतात आणि माइक अर्धा सेंटीमीटर हलला तरी आवाज बदलत नाही. टोक ओठांच्या कोपऱ्याजवळ, पण श्वासाच्या झोतात नको. गालावर वैद्यकीय टेपची एक पट्टी लावा. २.४ गिगाहर्ट्झचा स्वस्त सेट घेऊ नका; मंडपात शेकडो मोबाइल आणि त्यांचे हॉटस्पॉट त्याच पट्ट्यात असतात.

गायनाचार्यांचे वेगळे आहे. त्यांच्या छातीपाशी त्यांचेच टाळ वाजतात. तिथे माइक कसा धरला आहे यावर सगळे अवलंबून आहे. बहुतेक ठिकाणी बूम वरून आणून माइक खाली तोंड करून ठेवतात, म्हणजे तो थेट टाळाकडे बघतो. उलट करा: माइक हनुवटीच्या खालून, तोंड वर आणि शेपूट खाली, साधारण ६० अंश तिरका. आता टाळ माइकच्या पाठीशी आले. साधा कार्डिऑइड सर्वांत कमी ऐकतो ते बरोबर पाठीमागचे, १८० अंशांवर. सुपरकार्डिऑइडची बहिरी जागा १२५ अंशांच्या आसपास असते आणि पाठीमागे त्याला थोडे ऐकू येते. म्हणून इथे श्युअर एसएम ५८ किंवा त्याच जातीचा कार्डिऑइड डायनॅमिक (वीज न लागणारा माइक) घ्या, बीटा ५८ए नको, तो सुपरकार्डिऑइड आहे. मॉनिटरही (गाणाऱ्यांना स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) माइकच्या शेपटीच्या रेषेत जमिनीवर ठेवा.

चार गायकांना चार माइक देऊ नका. प्रत्येक टोकाला एक, दोघांनी मिळून. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीआधीची जागा ३ डेसिबलने कमी होते. टाळांना आणि विणेला माइक लागतच नाही.

पेटीला डायनॅमिक एसएम ५७ पुरतो. कंडेन्सर सुरेल वाटेल, पण टाळांची किणकिण तोच सर्वांत जास्त उचलेल. पेटीचा भाता श्रोत्यांच्या बाजूला असतो, तिथे माइक ठेवला तर वाऱ्याचा आवाज आणि भात्याची खटखट येते. माइक वरून, झाकणाच्या जाळीपासून २० ते २५ सेंटीमीटरवर, टाळकऱ्यांकडे पाठ करून लावा.

धूमशाई

वरच्या सगळ्याला अनुमोदन. मृदंगाचे लिहितो, कारण सप्ताहात सर्वांत जास्त हेळसांड त्याचीच होते.

दोन माइक हवेतच. एक माइक मध्ये ठेवून काम भागत नाही: शाईचा (काळी शाई लावलेल्या पुडीचा) 'ता' ऐकू येतो, धुमेचा (कणीक लावलेल्या पुडीचा) 'धा' पोकळ लागतो. शाईच्या बाजूला एसएम ५७, पुडीपासून १० ते १५ सेंटीमीटर, रोख शाईच्या मध्यावर नको, शाई आणि काठ यांच्या मधल्या भागाकडे. मध्यावर रोखला तर नुसता ठोका येतो, नाद येत नाही. धुमेच्या बाजूला मोठ्या डायफ्रॅमचा डायनॅमिक, एकेजी डी ११२ किंवा श्युअर बीटा ५२ए. हे मुळात ड्रमसेटच्या बास ड्रमचे माइक आहेत, पण कणकेच्या धुमेला चांगले मानवतात. अंतर १५ सेंटीमीटर ठेवा. याहून जवळ आणला तर खर्ज फुगतो, हात लागतो आणि कणकेचे कण जाळीत जाऊन बसतात.

आता महत्त्वाची गोष्ट. एका पुडीवर थाप पडली की ती आत जाते आणि आतल्या हवेमुळे दुसरी पुडी बाहेर येते. दोन बाजूंचे दोन माइक हाच ठोका एकमेकांच्या उलट ऐकतात आणि मिक्सरमध्ये एकत्र आले की खालचा नाद एकमेकांना खातो. दोन्ही फेडर वर करा, वादकाला सावकाश 'धा धा' वाजवायला सांगा आणि धुमेच्या चॅनेलवरचे फेजचे (सिग्नल उलटा करणारे) बटण दाबून-सोडून ऐका. ज्यात धूम भरून येते ते ठेवा. बास वाढवायच्या आधी हे करा, नाहीतर इक्वलायझर पिळत बसाल आणि धूम येणारच नाही.

लो-कट (त्या आकड्याखालचा खर्ज कापणे): शाईला १०० हर्ट्झ, धुमेला ४०, आवाजांना १२०, पेटीला १२०. फळ्यांच्या व्यासपीठावर पावलांची धपधप स्टँडमधून वर चढते, तेव्हा प्रत्येक स्टँडखाली रबराचा तुकडा ठेवा.

सप्ताह_समिती

फार उपयोगी. तीन शंका. एक, काही बुवा हेडसेट लावून घेत नाहीत. त्यांना कॉलर माइक चालेल का? दोन, गजरात मृदंगाचार्य उठून पखवाज गळ्यात घेऊन नाचतात, मग स्टँडचे काय? तीन, आमच्या मिक्सरला फेजचे बटण दिसत नाही.

केबलकाका

कॉलर माइक कीर्तनात नको. सुरुवातीलाच हार घालतात, त्याची फुले माइकवर घासतात. उपरण्याची सळसळ येते, गळ्यात वीणा असली तर दांडी लागते. शिवाय छातीवरचा माइक तोंडापासून २० सेंटीमीटर, म्हणजे स्टँडचेच अंतर, वर ओम्नी असल्याने शिट्टी आणखी लवकर. दोन्हीकडून नुकसान.

हेडसेट नको म्हणणाऱ्या बुवांना स्टँडवर एसएम ५८, तोंडापासून १० सेंटीमीटरवर, खालून वर तोंड करून. खालून लावल्याने टाळ जेमतेम ३ डेसिबल कमी होतात, पण श्रोत्यांना बुवांचा चेहराही दिसतो. टाळकऱ्यांची रांग दीडऐवजी दोन मीटरवर नेली की आणखी अडीच डेसिबल. हेही विनाखर्च आहे. हेडसेटला विरोध बहुधा फेट्यामुळे असतो: फेटा बांधून झाल्यावर कानात हूक घालायला गेले की तो सैल होतो. म्हणून हेडसेट आधी बसवायचा, वायर मानेवरून सदऱ्याच्या आतून पाठीमागे न्यायची, मग फेटा. हे दर्शनमंडपातच उरकून घ्या.

ओम्नीबद्दल मात्र ध्वनिसंयोजक यांच्याशी पूर्ण सहमत नाही. बुवांना समोर मोठा मॉनिटर लागत असेल तर कार्डिऑइड हेडसेट शिट्टीआधी जास्त वर नेता येतो. अट एकच: कॅप्सूलचे तोंड ओठांकडेच राहिले पाहिजे. फिरले तर आवाज एकदम पातळ होतो आणि खाली मिक्सरवाल्याला कारण सापडत नाही.

उभ्याने वाजणाऱ्या पखवाजासाठी वाद्यावर बसणारे क्लिप माइक येतात, पण ते बहुतेक कंडेन्सर आणि वायर पायात येते. गजर दहा मिनिटांचा असेल तर वादकाला स्टँडच्या जवळपासच राहायला सांगणे बरे. तेवढ्या वेळात पखवाज माइकशिवायही मंडपभर ऐकू जातो.

फेजचे बटण नसेल तर एक वेगळी केबल करून घ्या. एक्सएलआरमध्ये १ शील्ड, २ आणि ३ सिग्नल. केबलच्या एकाच टोकाला २ आणि ३ ची अदलाबदल करायची, १ ला हात लावायचा नाही. फँटम चालू असले तरी बिघडत नाही, कारण ४८ व्होल्ट दोन्ही पिनांवर सारखेच असतात. त्या केबलला दोन्ही टोकांना लाल टेप गुंडाळा, नाहीतर पुढच्या सप्ताहात ती गायकाच्या माइकला लागेल आणि कोणाला कळणार नाही.

आणि खरेदी करताना सांभाळा: एसएम ५८ च्या नकला बाजारात भरपूर आहेत. अस्सलचे वजन २९८ ग्रॅम आहे. किराणा दुकानाच्या काट्यावरही कळते. अधिकृत विक्रेत्याकडून बिल घेऊनच घ्या.

ध्वनिसंयोजक

मॉनिटरचा मुद्दा मान्य. समोर मोठा मॉनिटर असेल तर कार्डिऑइड घ्या, टेप मात्र दोन ठिकाणी लावा.

मग यादी अशी: बुवांना एक वायरलेस हेडसेट, गायनाचार्यांना दोन एसएम ५८, शाई आणि पेटीला दोन एसएम ५७, धुमेला एक डी ११२ किंवा बीटा ५२ए. सहा उघडे माइक. सातवा एसएम ५८ स्टँडसह बुवांच्या बाजूला, म्यूट करून. हेडसेटने दगा दिला किंवा बुवांना तो नको असला तर हाच. उरलेल्या पैशात चांगल्या केबली घ्या, प्रत्येक माइकला एक आणि वर दोन.

चालवताना एक सांभाळा. निरूपणात गायक आणि मृदंग यांचे माइक बंद करू नका, फेडर १० डेसिबल खाली आणा. बुवा बोलता बोलता अचानक "विठ्ठल विठ्ठल" उचलतात, आणि म्यूट काढेपर्यंत पहिली थाप आणि पहिली ओळ निघून जाते. फेडर खाली असले तर ती हलकी का होईना, येते.

टाळ तरीही कानाला बोचत असतील तर गायकांच्या चॅनेलवर ३ ते ६ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात ३ डेसिबल कमी करा, त्याहून जास्त नको. एसएम ५८ ला त्याच भागात मुद्दाम उठाव दिलेला आहे, शब्द स्पष्ट करणारी व्यंजनेही तिथेच असतात. सगळे कापले तर टाळांबरोबर तुकोबांचे शब्दही जातील.

बेल्टपॅकचे सेल रोज कीर्तनाआधी बदला, कालचे अर्धे वापरलेले दोन तासांच्या कीर्तनात मध्येच मान टाकतात. काढलेले सेल काकड्याच्या बॅटरीला वापरा.

धूमशाई

एक राहिले. काकड्याला पहाटे दव असते आणि रोजचा घाम हेडसेटच्या स्पंजमध्ये मुरतो. स्पंज रोज काढून वाळवा, जोडीला दोन जादा ठेवा. ओला स्पंज राहिला की आवाज घुमा होतो आणि लोक मिक्सरचे ट्रेबल वाढवत बसतात. धुमेच्या माइकची जाळीही सप्ताह संपल्यावर उघडून कोरड्या ब्रशने झाडा. कणीक वाळण्याआधी काढली तर सहज निघते.