मदत हवी आहे: रक्ताच्या तपासणीत ॲलर्जी निघाली म्हणून नीट पचणारं दूधही बंद करायचं का?

मुलगी सहा वर्षांची आहे. काजू घातलेलं बिस्किट खाल्लं आणि पंधरा-वीस मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या. डॉक्टरांनी औषध दिल्यावर ओसरलं. पुढे आयजीईची, म्हणजे ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंडांची, रक्ततपासणी केली. त्यात काजू-पिस्त्याचे आकडे बरेच मोठे, पण सोबत शेंगदाणा, दूध आणि गहूसुद्धा पॉझिटिव्ह!

दूध आणि गहू ती रोज खाते, आजवर साधं पुरळही आलेलं नाही. सासूबाई म्हणतात, कागदावर आलंय तर विषाची परीक्षा कशाला घ्या? नवऱ्याच्या मते मग पोरीने खायचं तरी काय? मला दोघांचंही पटतं, हीच पंचाईत.

शेंगदाणा तिने कधी खाल्लेला नाही. घरीच कणभर देऊन बघावं का? आणि बदाम-अक्रोडाचं काय? तज्ज्ञांची वेळ मिळायला अवकाश आहे. घाबरवणारे व्हिडिओ कृपया पाठवू नका, ते सगळे नणंदेकडून आलेत.

प्रतिसाद १
दूध-गहू परस्पर बंद करू नका. पॉझिटिव्ह म्हणजे त्या पदार्थाविरुद्धची आयजीई रक्तात सापडली, इतकंच. खाल्ल्यावर त्रास होतो का, हे जास्त महत्त्वाचं. आकडा मोठा असेल तर त्रासाची शक्यता वाढते, पण तो किती तीव्र असेल हे त्यावरून कळत नाही. उलट चालणारा पदार्थ बराच काळ तोडला, की काही मुलांना, विशेषतः एक्झिमा (त्वचा कोरडी पडून खाजणं) असलेल्यांना, पुन्हा सुरू करताना खरीच रिॲक्शन येते.

शेंगदाणा घरी अजिबात नको. तो डॉक्टरांसमोर, थोडा थोडा वाढवत देतात. त्याला फूड चॅलेंज म्हणतात. तसा तो कडधान्यांच्या कुळातला, काजूशी नातं नाही. काजूचा सख्खा भाऊ पिस्ता, म्हणून ते दोन्ही बंद. बदाम-अक्रोड आधी खाऊन पचले असतील तर वेगळी गोष्ट, नाहीतर तेही विचारूनच.

प्रतिसाद २
ताई, तीव्र ॲलर्जीत तातडीने द्यायच्या ॲड्रेनलिनच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टर काही बोलले का? नसतील तर तुम्हीच विचारा. या वेळी ओठांवर निभावलं म्हणून पुढच्या वेळीही तेवढ्यावरच थांबेल असं नसतं. श्वासाला घरघर, आवाज बसणं, एकदम गळून जाणं, गांधींसोबत उलट्या, यातलं काही दिसलं तर ॲलर्जीच्या गोळीवर विसंबू नका. इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला द्यायचं, लगेच रुग्णवाहिका बोलवायची. मुलीला आडवं ठेवा, उठून चालू देऊ नका. धाप लागत असेल तर बसू द्या.

पाकिटावर ‘काजूचा अंश असू शकतो’ असं लिहिणं बऱ्याच देशांत ऐच्छिक आहे. ओळ नाही म्हणून निर्धास्त होऊ नका.

धागाकर्ती
दोघांचे आभार. दूध-गहू चालू ठेवते. इंजेक्शनचं कोणीच बोललं नव्हतं, उद्याच फोन करते. एक राहिलं: सर्दीसाठी ती ॲलर्जीची गोळी घेते. चॅलेंजच्या आधी ती थांबवावी लागते का?

प्रतिसाद १
हो, काही दिवस आधी. गोळीमुळे सुरुवातीची लक्षणं झाकली जातात, त्वचेवरची तपासणीही खोटी निगेटिव्ह येऊ शकते. रक्ततपासणीवर मात्र तिचा परिणाम होत नाही. नेमके किती दिवस ते गोळीवर ठरतं, तेव्हा वेळ घेतानाच गोळीचं नाव सांगून विचारा.