रॉबिन्सन आणि लामोटा : वजनातील फरक निकालात धरावा का?

पंचवटीकर :
शुगर रे रॉबिन्सन आणि जेक लामोटा हे अमेरिकी मुष्टियोद्धे 1942 ते 1951 या काळात सहा वेळा लढले, त्यांपैकी पाच लढती रॉबिन्सनने जिंकल्या, एवढे सांगून विषय मिटवला जातो, हे मला पटत नाही. 5 फेब्रुवारी 1943 रोजी डेट्रॉइट येथे रॉबिन्सन व्यावसायिक कारकिर्दीत प्रथमच हरला, तेव्हा त्याचे वजन सुमारे 65.5 किलो होते आणि लामोटाचे जवळपास 73 किलो. आमच्या तालमीत सात किलोंच्या फरकाची जोड वस्ताद सरावालाही सहज लावत नाहीत. म्हणून तो पराभव पूर्ण मोलाचा धरू नये. उलट जड प्रतिस्पर्ध्यावर मिळवलेल्या विजयांचे मोल वाढवून धरावे, असे माझे ठाम मत आहे.

देवळालीकर :
काका, आपण काट्यावरचे वजन मोजलेत, पण रॉबिन्सनची उंची आणि हातांचा लांब पल्ला मोजला नाहीत. लामोटाला ठोसा मारण्यासाठी आधी तो पल्ला भेदून आत शिरावे लागे, आणि डेट्रॉइटला त्याने नेमके तेच केले. आठव्या फेरीत रॉबिन्सन दोरांमधून बाहेर फेकला गेला. शिवाय तीनच आठवड्यांनी, त्याच शहरात, रॉबिन्सनने त्याला हरवले. तेवढ्या दिवसांत वजनातील फरक काही मिटला नव्हता.

त्याहून महत्त्वाची बाब 14 फेब्रुवारी 1951 च्या शिकागोतील लढतीची आहे. काट्यावर पाहिले तर दोघांत जेमतेम दोन किलोंचे अंतर होते, म्हणजे ती सर्वांत बरोबरीची लढत ठरायला हवी. परंतु मिडलवेट या वजनगटाची 160 पौंडांची (सुमारे 72.5 किलो) मर्यादा गाठण्यासाठी लामोटाला स्वतःचे शरीर अक्षरशः सुकवावे लागले होते, आणि तेराव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली. रॉबिन्सनच्या त्या विजयाचे मोल आपण कमी करणार का?

सिडकोवासी :
वजनाचा परिणाम केवळ ठोशाच्या जोरात शोधू नये. जड माणूस बिलगून अंगावर रेलतो, तेव्हा हलक्याचे पाय आणि दम फेरीगणिक झिजतात, आणि ही झीज गुणपत्रिकेवर उमटत नाही. 25 जून 1952 रोजी न्यूयॉर्कमध्ये आपल्याहून सुमारे सात किलो जड असलेल्या जोई मॅक्सिमविरुद्ध रॉबिन्सन गुणांवर पुढे होता, तरीही चौदाव्या फेरीसाठी तो उठू शकला नाही. उकाडा इतका भीषण होता की पंचही मध्येच बदलावे लागले, हे खरे. पण त्याच उकाड्यात मॅक्सिम उभा राहिला.

पंचवटीकर :
देवळालीकर, 1951 च्या लढतीविषयी आपले म्हणणे मला मान्य आहे. त्या विजयाला मी आजवर जेवढे उंच स्थान देत आलो, तेवढे यापुढे देणार नाही. मात्र तीन आठवड्यांचा आपला दाखला माझ्याच बाजूने बोलतो. सात किलोंचे ओझे तसेच असताना रॉबिन्सन पुन्हा त्याच माणसासमोर उभा राहिला आणि जिंकला. त्यामुळे सहाही लढतींत मी 26 फेब्रुवारी 1943 ची लढत सर्वांत वर ठेवतो.